तेहतीस भोकांचं वाण

धोंड्याचा महिना तीन वर्षांतून एकदा येतो, आणि ज्याच्या घरी नवा जावई असतो त्याच्या घरी जरा जोरातच येतो. एकोणीसशे नव्व्याण्णव साली तो मे महिन्याच्या मध्यावर आला. आदिलाबादेत तेव्हा ऊन असं होतं की कुत्रीसुद्धा भुंकायचं काम सकाळीच उरकून घेत होती. अशा उन्हात शरदचंद्र तामसकरांनी जावयाला वाण म्हणून मोबाइल फोन द्यायचं ठरवलं, आणि आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

तामसकर एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. कोणत्या कचेरीत ते सांगत नाही. उगाच खुलासा मागणारा कागद यायचा. चोवीस वर्षं त्यांनी लोकांच्या दरखास्तींवर शेरे मारले होते, आणि शेरा मारल्याशिवाय त्यांना एकही कागद, अगदी लग्नाची पत्रिकासुद्धा, पुढे सरकवता येत नसे. दुसरा अभिमान शुद्ध बोलण्याचा. सगळी गल्ली 'येऊन राह्यलो, जाऊन राह्यलो' करत असताना तामसकर एकटे 'येत आहे, जात आहे' म्हणायचे. बोलण्यालासुद्धा इस्त्री असावी माणसाच्या, असं ते विनोदिनीबाईंना, म्हणजे आपल्या पत्नीला, आठवड्यातून एकदा तरी ऐकवत. विनोदिनीबाई ऐकून घेत आणि शर्टाला इस्त्री करत.

त्यांची एकुलती एक लेक सुभद्रा माघात लग्न होऊन हैदराबादला गेली. जावई यशवंतराव औषधाच्या कंपनीत फिरतीवर. वय सव्वीस, पण सप्तपदी झाली की शेंबडं पोरगंही 'राव' होतं, त्याला इलाज नाही. मुलगा गुणाचा होता. फक्त महिन्यातले वीस दिवस गावोगाव फिरायचा, आणि सुभद्रा दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी. खाली घरमालकाकडे फोन होता, पण त्याच्या तबकडीला इवलंसं कुलूप होतं आणि किल्ली मालकिणीच्या कमरेला. म्हणून सुभद्रा पंधरा दिवसांनी एकदा कोपऱ्यावरच्या बूथमधून शेजारच्या भगवानरावांकडे फोन करायची. भगवानराव कापसाचे अडते. गल्लीतला एकुलता एक फोन त्यांच्या बैठकीत, काळा, जड, वर भरतकामाचा रुमाल घातलेला. त्यांनी हाक मारली की तामसकर एक चप्पल पायात आणि एक हातात अशा अवस्थेत धावायचे.

"बाबा, मी मजेत आहे. तुम्ही? बरं, ठेवते."

संपलं. चार महिन्यांत सात वेळा हेच. तामसकरांचा यावर एक सिद्धान्त होता. काचेच्या पेटीत उभी, समोर लाल आकडे पळताहेत, मागे चार माणसं खोळंबलीत, अशा ठिकाणी पोर खरं बोलेलच कशी? 'मजेत आहे' हे उत्तर चोवीस वर्षं त्यांनी सरकारी अहवालांत वाचलं होतं, आणि त्या अहवालांचं खरं किती असतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? पोर सुखात आहे की नाही, एवढं एकच त्यांना कळायला हवं होतं. त्यासाठी फोन तिच्या घरात, तिच्या हातात, दार लावून बसल्यावर असायला हवा होता. पण बापाने मुलीला फोन दिला तर त्याचा अर्थ 'आमच्या घरात हिचं काही अडलंय का?' असा होतो. जावयाला वाण दिलं तर मात्र कोणी बोट दाखवत नाही. फिरतीवरचा माणूस घरी असेल तेव्हा तरी फोन घरी येईल, असा त्यांचा हिशेब होता. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. बाहेर सांगितलं ते एवढंच की आजकाल प्रतिष्ठित घरांत असंच देतात.

विनोदिनीबाई म्हणाल्या, "अहो, तेहतीस अनारसे, तांब्याचं ताम्हण, वर दिवा. इतकं साधं असतं ते."

"अनारसे दोन दिवसांत संपतात."

"संपण्यासाठीच असतात ते."

इथवर प्रकरण घरातलं होतं. पण वांकिडीहून जयवंताबाई आल्या. जयवंताबाई म्हणजे तामसकरांच्या आत्याबाई, वय पंच्याहत्तर, आणि धर्म या विषयात सुप्रीम कोर्ट. धोंड्याचा महिना अख्खा भाच्याकडे काढायचा म्हणून त्या एक वळकटी आणि ज्वारीची अर्धी पायली घेऊन उतरल्या होत्या.

"फोन?" त्या म्हणाल्या. "वाणात? काऊन रे शरदा, उन्हानं डोस्कं फिरलं काय तुयं? वाण जाळीदार पाह्यजे. अनारसा काऊन देतेत? त्याले भोकं असतेत म्हून. बत्तासा काऊन देतेत? त्याले भोकं असतेत म्हून."

दुसरा कोणी असता तर इथे गप्प बसला असता. पण नियमात फट दिसली की तिच्यात बोट घालणं हा तामसकरांचा पेशाच. ते शांतपणे म्हणाले, "आत्याबाई, फोनलाही भोकं असतात. बोलायच्या जागी असतात, ऐकायच्या जागी असतात."

जयवंताबाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि निकाल दिला. "मंग चालते. पण तेहतीस पाह्यजे. एक कमी नाई, एक जास्त नाई."

आता कोणता फोन, हा प्रश्न आला, आणि तिथे गल्लीत दोन पक्ष पडले. त्या काळी बाजारात दोन कंपन्यांची झुंज चालली होती. एक ऑल्टन, जुनी, दणकट, डोक्यावर अँटेनाची काडी असलेली. दुसरी विक्सा, नवी, छोटी, काडी पोटातच लपवलेली. भगवानराव ऑल्टनवाले. त्यांनी एकदा कापूस घ्यायला आलेल्या परगावच्या व्यापाऱ्याच्या हातात ऑल्टन पाहिला होता. इतकंच काय, तो व्यापारी हात धुवायला गेला तेव्हा दोन मिनिटं स्वतः धरला होता. त्या दोन मिनिटांवर त्यांचं सगळं मत उभं होतं.

"ऑल्टन म्हंजे ऑल्टन," ते म्हणत. "कोनाच्या डोक्यात हाणला तर मानूस जाईन, फोनले काई होनार नाई."

"फोन हाणायला घेतात का भगवानराव?" असं विचारणारे म्हणजे चंपतराव, पलीकडच्या घरातले निवृत्त मास्तर आणि गल्लीतले एकमेव दोन-दोन पेपर वाचणारे. ते विक्साचे. त्यांनी मोबाइल धरला नव्हता, पाहिलाही नव्हता, पण पेपरात त्याच्याबद्दल इतकं वाचलं होतं की पाहण्याची गरजच त्यांना वाटत नव्हती. "विक्सा म्हणजे उद्याची गोष्ट. ऑल्टन बुडणार. लिहून ठेवा."

भगवानरावांनी ते खरंच लिहून ठेवलं, भिंतीवरच्या कॅलेंडरात, तारखेसकट.

तामसकर कोणत्याच पक्षाचे नव्हते. त्यांच्यापुढे प्रश्न फक्त भोकांचा होता. बाजारात लिंगन्नाचं रेडिओ-टेपचं दुकान होतं. तो हैदराबादेहून मोबाइल मागवून देई. तामसकर कचेरीतलं नकाशे वाचायचं भिंग आणि घरची सुई घेऊन तिथे गेले. लिंगन्नाने कौतुकाने काचेच्या कपाटातून ऑल्टन काढून ठेवला. किती बोलता येतं, बॅटरी किती चालते, हे सांगायला त्याने तोंड उघडलं, तर गिऱ्हाईक सुईने फोन टोचत होतं.

"बारा. कानाकडे बारा."

"क्या साब?"

"तोंडाकडे सात. एकोणीस." तामसकरांचा चेहरा उतरला. "लिंगन्ना, इससे जास्त छेदवाला नहीं है क्या?"

लिंगन्नाने ऑल्टन सुईच्या टप्प्यातून बाजूला ओढला. "साब, आपको फोन होना या छलनी होना?"

तेवढ्यात तामसकरांची नजर खोक्यातल्या चार्जरवर गेली. त्याला हवा खेळायला म्हणून चिरा ठेवल्या होत्या. एका बाजूला सात, दुसऱ्या बाजूला सात. बारा, सात आणि चौदा. तेहतीस! तामसकरांनी भर दुकानात टाळी वाजवली. चार्जर हा फोनचाच भाग आहे, कारण तो त्याच खोक्यात येतो आणि त्याच पावतीवर येतो, हे त्यांनी मनातल्या मनात टिपणी लिहून मंजूरही केलं.

जयवंताबाई मात्र कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्या नव्हत्या. नमुन्याचा फोन घरी आणवून त्यांनी पुढ्यात ज्वारी घेतली. एका भोकाला एक दाणा. सुभद्राच्या लग्नातल्या वाटीत दाणे पडत गेले, गल्ली श्वास रोखून उभी राहिली, आणि शेवटी वाटीतले दाणे मोजले तर तेहतीस भरले. त्यांनी ते दाणे पदराच्या टोकाला बांधले आणि गाठ मारली. "घे मंग," म्हणाल्या. भगवानरावांनी स्वखर्चाने सगळ्यांना चहा पाजला. चंपतरावांनी घेतला, पण साखर कमी आहे म्हणाले.

इतकं झाल्यावर फोन विकत घ्यायला काय हरकत होती? होती. सरकारी नोकराने मोठी वस्तू घेतली तर आधी कचेरीला कळवावं लागतं. तशा दरखास्ती ज्याच्या टेबलावर यायच्या तो मनुष्य म्हणजे शरदचंद्र तामसकर. त्यांनी सकाळी अकराला अर्जदार म्हणून अर्ज लिहिला, आवक केला, आणि साडेअकराला हेडक्लार्क म्हणून उघडला. वाचून त्यांची मान नकारार्थी हलली. 'वाण' म्हणजे काय याचा अर्जात खुलासा नव्हता. त्यांनी शेरा मारला: 'अर्जदाराने प्रयोजन स्पष्ट करावे.' दुपारी त्यांनी अर्जदार म्हणून उत्तर दिलं, तेही जरा रागाने, कारण शेऱ्याची भाषा त्यांना लागली होती. दुसऱ्या दिवशी मिसल, म्हणजे ती सगळी फाइल, साहेबांपुढे गेली. साहेब तेलुगू मुलखातले, सज्जन.

"तामसकर, ये वाण क्या होता जी?"

"सर, जावई विष्णु होता है. एक महिने के लिए."

"फिर?"

"उसको छेदवाली चीज देते."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि आणखी काही कानावर येण्याआधी सही करून टाकली.

ऑल्टन घरी आला. देवघरात ठेवला. विनोदिनीबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं, ते तोंडाकडच्या एका भोकात गेलं आणि ते साफ करताना सुई मोडली. पण ते असो. चार दिवस तामसकर गल्लीतून असे चालत होते की जणू ऑल्टन कंपनीत त्यांची भागीदारी आहे.

पाचव्या दिवशी सुभद्राचं पत्र आलं. खुशाली होती, 'मजेत आहे' होतं, आणि खाली दोन ओळी होत्या. 'यांच्या ऑफिसात एकाने ऑल्टनचा मोबाइल घेतला. सगळे त्याला वीटवाले म्हणतात. हे म्हणाले, बरं झालं आपल्याकडे तसला नाही.'

तामसकरांनी ते पत्र तीनदा वाचलं. त्याच संध्याकाळी चंपतराव पेपर फडफडवत ओट्यावर आले आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात वाचू लागले. ऑल्टनची विक्री कोसळली, विक्सा पहिल्या नंबरावर. वाचून झाल्यावर ते भगवानरावांच्या बैठकीत गेले आणि कॅलेंडरावरच्या तारखेखाली पेन्सिलीने रेघ मारून आले.

"ह्या, दोन दिवसांची हवा हाय," भगवानराव म्हणाले. "कापसाच्या भावाचंही तसंच असते. आज पडते, उद्या चढते. ठेवा तुमी तामसकर, ठेवा."

पण कापूस गोदामात ठेवता येतो, जावई ठेवता येत नाही. जावयाने ज्याला हसावं ते जावयाच्याच ताटात वाढायचं? तामसकरांना रात्री घास गोड लागेना. दुसऱ्या दिवशी ते खोकं बगलेत मारून लिंगन्नाकडे गेले.

"आल्टन को अब कोई पूछता नै साब," लिंगन्ना म्हणाला. गेल्या आठवड्यात हाच माणूस ऑल्टनला 'राजा' म्हणत होता. खूप घासाघीस होऊन, काही पदरचं घालून, ऑल्टन परत गेला आणि विक्सा आला. अर्थातच आधी कचेरीतून. कारण मंजुरी ऑल्टनची होती. तामसकरांनी नवा अर्ज लिहिला, आणि अर्जदार वरचेवर मन बदलतो ही बाब नापसंतीच्या शेऱ्यासह नोंदवली. साहेबांनी या वेळी वाचलंच नाही. लांबूनच सही केली.

विक्सा सुंदर होता. गुळगुळीत, तळहातात मावणारा, निळसर. जयवंताबाईंनी पदराची गाठ सोडली, दाणे काढले आणि मोजायला बसल्या. कानाकडे पाच. तोंडाकडे तीन. चार्जर चहूबाजूंनी बंद. आठ दाणे वाटीत, पंचवीस हातात.

"आठ?" जयवंताबाई म्हणाल्या. "शरदा, आठात काय होते? आठात तं नवसाचा नारळ बी येत नाई."

चंपतरावांना आपल्या कंपनीचा हा अपमान सहन झाला नाही. "आत्याबाई, ही प्रगती आहे. जितकी भोकं कमी तितका आवाज साफ."

"मंग अनारसा बी बुजवून देऊ काय?"

चंपतरावांनी मग सुचवून पाहिलं की आठ फोनची आणि पंचवीस बत्ताशांची धरावीत. वाणात दोन जाती मिसळत नाहीत, असं म्हणून जयवंताबाईंनी तो अर्ज फेटाळला. तामसकर कपाळाला हात लावून बसले. रविवारी जावई येणार, आणि आज बुधवार. पंचवीस भोकं कोणत्या दुकानात मिळतात?

तोडगा काढला विनोदिनीबाईंनी, डाळ निवडता निवडता. "अहो, त्याला चामड्याची पिशवी शिवा. तिला पाडा की हवी तितकी."

बसस्टँडजवळ भिवाजी चांभार बसायचा. त्याने विक्सा हातात घेऊन उलटापालटा केला, माप घेतलं, आणि पंचवीस भोकं ऐकून काहीही विचारलं नाही. चांगला कारागीर असाच असतो. शुक्रवारी पिशवी तयार झाली. तपकिरी, देखणी, कडेने दुहेरी शिवण, वर ओळीने भोकं. घरी दाणे ठेवून पाहिलं तर आठ आणि सव्वीस. चौतीस.

तामसकर धावत परत गेले. "भिवाजी, अरे सव्वीस पाडलीस!"

"एक वरतून देल्लं साहेब," भिवाजी हसून म्हणाला. "पोरीच्या घरचं काम हाय, म्हून."

पाडलेलं भोक बुजवणं त्याच्या शास्त्रात नव्हतं. शेवटी विनोदिनीबाईंनी सव्विसाव्या भोकावर तामसकरांच्या शर्टाचं पांढरं बटण शिवलं. बटणाला चार भोकं असतात हे कोणाच्या लक्षात येण्याआधी त्यांनी चारही दोऱ्याने गच्च भरून टाकली, बाई हुशार. मग चंपतरावांना शंका आली की पिशवी घातल्यावर फोनची आठ भोकं झाकली जातात, ती धरायची की नाही?

जयवंताबाई म्हणाल्या, "पडदा ओढला म्हून देव जाते काय देव्हाऱ्यातून?" आणि तेहतीस दाणे पुन्हा पदराला बांधले.

रविवारी सकाळच्या बसने यशवंतराव आणि सुभद्रा आले. सुभद्रा वाळली होती. विनोदिनीबाई म्हणाल्या प्रवासाने, जयवंताबाई म्हणाल्या उन्हाने. एकटी सापडली तर विचारू, असं तामसकरांच्या मनात होतं. पण लेक माहेरी आली की एकटी सापडत नाही. बायकांनी घेरली, ती घेरलीच.

पुरणाचे धोंडे झाले, तूप झालं, यशवंतराव सहाव्याला नको म्हणाले आणि आठवा खाल्ला. मग पाटावर बसवून वाण दिलं. ताम्हण, त्यात पिशवीतला विक्सा, शेजारी तेवता दिवा. भगवानराव, चंपतराव, सगळी गल्ली दारात. तामसकरांनी गळ्यात उपरणं घेतलं होतं. त्यांनी ताम्हण पुढे केलं.

यशवंतरावांनी पिशवी बघितली, बटण बघितलं, फोन काढला. "बाबा! विक्सा? अहो, केवढा खर्च केलात!"

चंपतरावांनी भगवानरावांकडे बघून मिशीवरून हात फिरवला. यशवंतरावांनी फोनचं बटण दाबलं, पडदा उजळला, गल्लीने 'अहाहा' केलं.

"आता लावा की कोनाले," भगवानराव म्हणाले.

"इथं नाही चालायचा," यशवंतराव संकोचून म्हणाले. "इथं टॉवर नाही ना अजून. आणि कार्ड घालावं लागतं, ते हैदराबादला."

गल्लीचा 'अहाहा' तसाच हवेत राहिला. गच्चीवर चालतो का पाहू, असं कोणीतरी म्हणालं, आणि भर दुपारी सतरा माणसं, एक ताम्हण आणि विष्णू असे सगळे गच्चीवर जाऊन आले. चटके तेवढे बसले. खाली येताना यशवंतरावांच्या खांद्यावर फिरतीच्या सवयीने लटकलेली बॅग जिन्याच्या कठड्याला अडकली आणि तिच्यातून काहीतरी दाणकन पडून तीन पायऱ्या उतरत खाली आलं. काळं, दणकट, डोक्यावर काडी.

ऑल्टन.

"ऑफिसनं दिला," यशवंतराव ओशाळून म्हणाले. "ऑल्टनचा माल स्वस्त झाला ना, तर कंपनीने फिरतीवरच्या सगळ्यांना घेऊन टाकले. परवाच मिळाला."

भगवानरावांनी तो उचलून पाहिला. ओरखडासुद्धा नव्हता. "मी काय म्हनत होतो!" ते गरजले. "शेवटी ऑल्टनच!"

"शेवटी?" चंपतरावांनी बगलेतला पेपर काढला. हा पत्ता त्यांनी सकाळपासून राखून ठेवला होता. "वाचा. ऑल्टन कंपनी कालच विक्साने विकत घेतली. दोन्ही आता एकच."

महिनाभर दोघे ज्यावरून भांडले ते भांडणच कोणीतरी विकत घेऊन गेलं होतं. मग भगवानराव म्हणाले, "म्हंजे तुमी आता आमचे," आणि चंपतराव म्हणाले, "तुम्ही आमचे," आणि कोण कोणाचे यावरून दोघे नव्याने जुंपले.

तामसकर पायरीवर बसले होते. उपरणं घामाने भिजलं होतं. दोन अर्ज, दोन मंजुऱ्या, एक मोडलेली सुई, सव्वीस भोकं, आणि जावयाकडे फोन आधीच आहे. आणि तो जावयाबरोबर गावोगाव फिरणार. सुभद्रा आहे तिथेच, कुलूपबंद फोनच्या वरच्या मजल्यावर. चारचौघांत डोळे पुसायचे कसे, म्हणून त्यांनी चष्मा पुसला.

यशवंतरावांनी ते पाहिलं. मग ते जयवंताबाईंपाशी गेले. "आत्याबाई, एक विचारू? वाण परत करता येतं?"

"छ्या! परत कराले ते काय लुगडं हाय?"

"मग दुसऱ्या कोणाला देता येतं? म्हणजे... हिला? मी वीस-वीस दिवस बाहेर. हिच्याकडे एक असला तर बरं."

तामसकरांनी मान वर केली. सगळी गल्ली सुप्रीम कोर्टाकडे बघू लागली. जयवंताबाईंनी पदराची गाठ चाचपली.

"धोंड्याच्या महिन्यात जावई कोन? विष्णू. मंग बायको कोन? लक्ष्मी. विष्णूचं ते लक्ष्मीचंच हाय. त्यात इचारतो काय?"

तामसकर उठले आणि मागच्या अंगणात बोअरिंगच्या पंपावर तोंड धुवायला गेले. बराच वेळ धूत होते. पंप कोरडा होता हे विनोदिनीबाईंनी पाहिलं आणि मागचं दार ओढून घेतलं.

पोरं परत गेली. सोमवार, मंगळवार, बुधवार. तामसकर कचेरीतून सरळ भगवानरावांच्या बैठकीत येत आणि रुमालाखालच्या काळ्या फोनसमोर बसत. काय काय विचारायचं त्याचा कागद त्यांनी तयार केला होता, अनुक्रमांकासह, चौदा मुद्दे. गुरुवारी संध्याकाळी घंटी वाजली. बैठकीत नऊ माणसं होती, जयवंताबाई धरून.

"बाबा?"

"बोल!" तामसकर हैदराबादपर्यंत थेट पोचेल इतक्या मोठ्याने ओरडले.

"ओरडू नका, छान ऐकू येतंय. मी पलंगावर बसलेय. दार लावलंय." आणि मग सुभद्रा सुरू झाली. "बाबा, ती मालकीण आहे ना, पाणी सोडते पहाटे साडेचारला, तेही दहा मिनिटं! आणि मी खाली गेले की भांडी मोजते, जशी काही मी तिचीच पळवलीत. इथली ज्वारी म्हणजे भुसा आहे, भाकरी तव्यावरच फाटते. आणि हे घोरतात, बाबा! घरी असले की घोरतात आणि नसले की मला झोप येत नाही. कोणाशी बोलू सांगा? पहिले दोन महिने तर मी रोज रडले. तुम्हाला बूथमधून काय सांगणार? आता जरा रुळतेय. पण करमत नाही हो मला. आईच्या हातचं खावंसं वाटतं..."

तामसकरांच्या हातातला चौदा मुद्द्यांचा कागद कधी खाली पडला ते त्यांना कळलं नाही. चार महिन्यांत पहिल्यांदा पोर तक्रार करत होती. भरभरून, न थांबता, लहानपणी शाळेतून आल्यावर दप्तर फेकून करायची तशी. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि तोंडभर हसू होतं. नऊ माणसं बघत होती, बघू देत.

जयवंताबाई सरकत सरकत जवळ आल्या होत्या. त्यांचं लक्ष बोलण्याकडे नव्हतं. काळ्या फोनच्या बोलायच्या आणि ऐकायच्या जागेकडे होतं. त्यांनी पदराची गाठ सोडली आणि तामसकरांच्या गालाला लागलेला रिसीव्हर एकदा वरून, एकदा खालून जरासा उचलत, एका भोकाला एक, असे दाणे चटईवर टाकू लागल्या. शेवटचा दाणा पडला आणि त्यांचा हात रिकामा झाला.

"शरदा!" त्या ओरडल्या. "अरे, पुरे तेहतीस हायेत! ह्या काळ्यातच हायेत, अन् तू गावभर कायले हिंडला रे?"

शरदचंद्र तामसकरांनी एका हाताने आत्याबाईंना बाजूला सारलं. आयुष्यभराची इस्त्री त्या क्षणी मोडली.

"चूप ऱ्हाय ना आत्या!" ते म्हणाले. "पोरगी बोलून राह्यली."